शेवटची दिसली तेव्हा होती

मल्लेश्वरम, बेंगळुरू
२१ डिसेंबर, रविवार

चि. सुनंदा हिला चंपाआत्याचा आशीर्वाद.

तुला एक सासू होती, आठवतंय का? बुटकी, डाव्या पायानं लंगडणारी, चहात साखर कमी पडली की कप परत पाठवणारी. आठवत नसेल तरी हरकत नाही. विसरायची खोड तुला पहिल्यापासूनच आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कुकरला शिट्टी लावायला विसरलीस आणि डाळ का शिजत नाही म्हणून त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिलीस, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे आता आर्याला सांगितलं.

आर्या म्हणजे हे लिहून घेणारी. आमच्या वरच्या मजल्यावर राहते. पुण्याची आहे, व्हाइटफील्डच्या कंपनीत आहे, पण निम्मे दिवस घरात बसूनच कंपनीत असते. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. शाळा सुटल्यापासून पेन धरलं नाही म्हणते. मी तर कधीच धरलं नाही, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. वर तुझ्या नावाआधी काहीतरी खोडलेलं दिसत असेल. तिनं सवयीनं 'सौ.' लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. मग काय लिहू, म्हणाली. आपल्यात त्याच्या जागी दुसरं लावतात, गंगा-भागीरथीचं नाव घेऊन. मला लावतात ते. मला कधी आवडलं नाही, तुला लावणार नाही. नुसतं सुनंदा लिही म्हटलं.

आर्या म्हणत होती, आजी, कागद कशाला, फोनमध्ये बोला, मी लगेच पाठवते, तुमचाच आवाज जाईल. मी म्हटलं, माझ्या आवाजानं केलेला घोळ निस्तरायलाच तर तुला बोलावलंय. आणि फोनवर तू बोलतेस तरी काय? "जेवलात का, पाय कसा आहे, ठेवते." तीन घास आणि ताट बाजूला. कागद तुला मधेच ठेवता येणार नाही. ठेवलास तरी तो घरात पडून राहील आणि येता-जाता दिसेल.

इकडं सगळं ठीक. थंडी बरी आहे. खालच्या दुकानदारानं दुकानाला नवी पाटी लावली, सगळी कानडीत, मला जुनीही वाचता येत नव्हती, त्यामुळं माझं काही अडलं नाही.

आता तुझ्या रंजिताचं सांगते. ऐकायचं नसेल तर एवढं सोडून पुढं जा. पण पुढंही तीच आहे.

तिचा तो अॅक्चुरिअल का काय विषय आहे, त्याचं नाव तीन वर्षं झाली तरी माझ्या तोंडात बसत नाही. कोणत्या वयाची किती माणसं वर्षभरात जातील त्याचा अंदाज बांधायचा आणि विमा कंपनीनं हप्ता किती घ्यायचा ते त्यावरून सांगायचं, असं मला कळलंय. मी भाजीवाल्या अण्णाला सांगितलं, "आमची पोरगी माणसं कधी मरणार ते काढते." तेव्हापासून तो तिच्या पिशवीत स्वल्प कोथिंबीर जास्तच टाकतो आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नाही. ती माझ्यावर ओरडली. "अज्जी, एका माणसाचं कुणालाच सांगता येत नाही. लाखाचं सांगता येतं." मी म्हटलं, मग ते अण्णाला कळवू नकोस, कोथिंबीर महाग आहे.

पहिल्या वर्षी वर्ग भरलेला होता. आता बाकं रिकामी असतात. गणित झेपेना म्हणून पोरं एकेक करून दुसरीकडं गेली. ही राहिली. नुसती राहिली नाही, पहिली येते. ज्या पेपरात निम्मा वर्ग आपटतो, त्यातही पहिली. शिवाय बाहेरच्या परीक्षा असतात, नोकरीला लागलेली मोठी माणसं त्या पुन्हा पुन्हा देतात आणि पुन्हा पुन्हा नापास होतात. तिनं त्यातल्याही पटापट काढल्या. एका कंपनीनं आत्ताच सांगून ठेवलंय, शिक्षण संपलं की आमच्याकडं ये.

निकाल आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "अज्जी, पहिली आले." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "हं." मग आम्ही दोघींनी गच्चीवरचे कपडे काढून आणले आणि घड्या घातल्या. चादरीची टोकं जुळवताना समोरासमोर यावं लागतं, तेवढ्या आलो.

तशी ती नीट आहे. उठते, खाते, अंघोळ करते, गणितं करते. भिंत नीट असते तशी नीट आहे. मीही तशीच आहे. आमच्या घरात भांडण होत नाही, त्यामुळं आर्याला वाटतं आमचं फार चांगलं चाललंय. (लिहिलंस का? लिही. तुझ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.)

एकदा मी तिला विचारलं, तुझ्या तक्त्यात मी कुठं बसते? सांगणार नाही म्हणाली. का? "तू अण्णाला सांगशील." शेवटी सांगितलं. मला वाटत होतं या वयाला तक्ता संपून खाली रेघ मारलेली असेल. तसं नसतं. जन्मलेल्या पोराला जेवढी वर्षं धरतात तेवढी मी कधीच संपवली, पण इथवर पोचलेल्या माणसाला इथून पुढची वेगळी धरतात. म्हणजे अजून बरीच आहेत माझी.

"फुकटची?" मी म्हटलं.

"फुकटची नाही अज्जी. बाकीचे आधी जातात म्हणून तुला जास्त दिसतात."

एवढं बोलली आणि वही मिटून आत गेली. आधी कोण गेलं ते तिलाही ठाऊक, मलाही.

आणखी एक गोष्ट तिच्या पुस्तकात आहे, ती मला फार पटली. ज्या माणसांवर नजर ठेवून हे तक्ते करतात त्यातली काही मधूनच निघून जातात. गाव सोडतात, पत्ता बदलतात, विचारलेल्याला उत्तर देत नाहीत. त्यांना मेलेल्यांत धरायचं नाही. जगलेल्यांतही धरायचं नाही. अमुक दिवशी शेवटची दिसली तेव्हा होती, एवढंच मांडायचं आणि तेवढ्यापुरती ती खरी मानायची. मी विचारलं, "मग तुझ्या आईला कुठं मांडलंस?" तिनं पेन्सिलीला टोक काढता काढता सांगितलं, "शेवटची दिसली तेव्हा होती."

तू गेल्या आठवड्यात दिसलीस. वर्षश्राद्धाला आम्ही बेळगावला आलो, तू तिच्या ताटात भात घातलास, आमटी घातलीस, मीठ घातलंस. "पुरे" म्हणायला तिनं हात आडवा धरला तेव्हा तू थांबलीस. तोंडानं एक शब्द नाही. ती वर्षभर हेच खातेय. त्याच रात्रीच्या बसनं परत निघालो.

तुझा राग मला माहीत आहे. मी तो चुकीचा म्हणत नव्हते, कारण माझाही तोच होता. माझा तर जास्त होता, फक्त मी तिच्याच घरात राहत होते आणि तिच्याच हातचा चहा पीत होते, म्हणून बोलले नाही. ज्या पोरीला सकाळीच कळलं आणि तरी जी परीक्षेला जाऊन बसली, जिच्यासाठी तू दिवस मावळेपर्यंत सगळ्यांना थांबवून धरलंस, आणि जी पोचली तेव्हा अंगण धुऊन झालेलं होतं, तिच्यावर रागवायचं नाही तर कुणावर? तिच्यापायी मलाही माझ्या पोराचं तोंड बघायला मिळालं नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन दारात बसले होते. सकाळपासून दुपार. ती पेपर देऊन आली, तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल." बसमध्येही काही नाही. मला वाटलं, ही दगड आहे.

आता ऐक. (आर्या, पाणी पी हवं तर. मग लिही.)

बेळगावहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती भांडी घासत होती. काचेची बांगडी नळाला लागली. मी आतून आवाज ऐकला आणि विचारलं, "बांगडी वाढली का गं?"

"वाढली नाही. फुटली."

"फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

"का?"

"नसतं म्हणायचं. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, रात्री दुकान वाढवतात. मोडलं, फुटलं, संपलं असं तोंडानं काढायचं नाही."

"अज्जी, वाढणं म्हणजे जास्त होणं."

"ते तुझ्या गणितात."

नळ चालूच होता. ती पाठमोरी उभी. मग म्हणाली, "आणि मंगळसूत्र वाढलं म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे..."

तिनं नळ बंद केला. काचा एकेक वेचल्या, जुन्या कागदात गुंडाळल्या, कचऱ्यात टाकल्या. राहिलेली दोन भांडी घासली. हात पुसले. मग म्हणाली, "मला वाटलं, लांब झालं."

सुनंदा, त्या सकाळी तुझा फोन आला, तू रडत होतीस, मागून बायका रडत होत्या. तू म्हणालीस रंजिताला कळवा. मी कळवलं. ती कॉलेजच्या दारात होती, घंटा व्हायची होती. मला तो शब्द तोंडातून काढवेना. माझ्या पोटच्या पोराबद्दल तो शब्द कसा काढू? आणि परीक्षेला निघालेल्या पोरीला? मग मी आपल्या घरात जसं सांगतात तसं सांगितलं. "रंजिता, तुझ्या आईचं मंगळसूत्र वाढलं गं." रडले नाही. मला तेव्हा रडू येत नव्हतं, अजून येत नाही. ती म्हणाली, "बरं झालं अज्जी! पेपर झाला की बोलते." आणि फोन बंद.

"बरं झालं." हे तुला मी सांगितलं नव्हतं. तुला मी एवढंच सांगितलं, की कळवलंय, पेपर देऊन येते म्हणाली. पहिले दोन शब्द मी माझ्यापाशी ठेवले आणि वर्षभर चघळले.

आता तुला आठवतंय का बघ. तुझं मंगळसूत्र आखूड, मानेला काचतं, म्हणून तू कुरकुरायचीस. त्या दिवाळीत माझा योगीराज तिच्यादेखत तुला म्हणाला होता, थांब, बोनस होऊ दे, लांब करून देतो. पोरीच्या डोक्यात ते होतं. ती जन्मली बेंगळुरूत, शाळा इंग्रजी, रस्त्यावर कानडी, मराठी म्हणजे तिला आपण दोघी आणि तो. तुम्ही बदली होऊन बेळगावला गेलात तेव्हा तर मी एकटीच उरले तिच्या मराठीला. नारळ फोडतात एवढंच तिला माहीत. वाढवतात हे तिला कोण सांगणार होतं? तिला वाटलं, पप्पांनी सोनाराकडून आणलं, आई खूश आहे, अज्जीनं पेपरच्या आधी चांगली बातमी दिली. त्या खुशीत आत गेली. आणि त्या खुशीत तो पेपर लिहिला, माणसं किती नि कधी मरतात त्याचा, आणि पहिली आली.

बाहेर येऊन फोन चालू केला तर तिच्या चुलतभावाचा निरोप होता. त्यात साधं लिहिलं होतं. ते तिला कळलं.

मग तिनं काय समजून घेतलं ते ऐक. तिला वाटलं, पेपर बुडू नये म्हणून अज्जीनं मुद्दाम लपवलं, आणि वर मंगळसूत्राचं काहीतरी गोड बनवून सांगितलं. म्हणजे ती माझ्याकडं बघून "चल" म्हणाली तेव्हा ती दगड नव्हती. तिला मी खोटारडी दिसत होते. मला ती दगड दिसत होती. आणि दोघी एका बाकावर बसून बेळगावपर्यंत आलो.

तेराव्याला तू तिला विचारलंस, "पेपर चांगला गेला ना?" मी तिथंच होते. ती "हो" म्हणाली. मग तू म्हणालीस, "आत्यांनी सांगितलं होतं ना तुला?" त्यालाही ती "हो" म्हणाली. मी परवा विचारलं, का गं हो म्हणालीस? नाही म्हणायचं होतंस. तर म्हणते, "नाही म्हटलं असतं तर आई तुझ्यावर चिडली असती. तू म्हातारी. आणि तुझा मुलगा गेला होता."

मी आईला सांगते म्हटलं. नको म्हणाली. "तिला कुणावर तरी चिडायला हवंय अज्जी. मला सवय झालीय."

तुला काय सांगू, हे सगळं आम्ही दोघी डाळ निवडता निवडता बोललो. ती रडली नाही, मी रडले नाही. खडे काढले. डाळीत खडे फार होते. बोलून झाल्यावर ती अभ्यासाला बसली आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले, एवढाच फरक झाला. तिनं सरकून जागा दिली.

हे ती कॉलेजात असताना लिहवून घेतेय. रविवारी कसलं कॉलेज म्हणशील. त्यांच्या लायब्ररीला रविवार नसतो. तिला मी सांगितलेलं नाही. तिला विचारलं तर ती नकोच म्हणेल, आणि आता तिच्या नको-होला मी विचारत नाही.

आर्या मघाशी थांबून म्हणाली, "आजी, इथं 'वाढलं' लिहू की 'तुटलं' लिहू? वाचणाऱ्याला कळायला हवं." मला हसू आलं. मी म्हटलं, वाचणारी बेळगावची आहे, तिला कळतं. पण माझ्याच लक्षात आलं की एवढं मोठं पत्र सांगितलं आणि माझ्या पोराबद्दल तो एक शब्द अजून कुठंच आलेला नाही. गेला म्हणाले, वर्षश्राद्ध म्हणाले, अंगण धुतलं म्हणाले. त्या सकाळी जे बोलायला हवं होतं ते आता बोलते. आर्या, लिही. "रंजिता, तुझा बाप मेला. घरी ये." एवढंच होतं. तिनं पेन थांबवलं. मी म्हटलं लिही, काही होत नाही. लिहिलंय. मी वाचायला लावलं, तिनं वाचलं. काही झालं नाही. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू झाली.

तर सुनंदा, मला तुझ्याकडून माफी नको, आणि देवाधर्माचं काही बोलू नकोस. शब्द कुणाचा चुकला ते ठरवायलाही मी हे सांगत बसलेले नाही. तुला चिडायचं असेल तर माणूस बदल, एवढंच. माझ्यावर चिड. मला ते झेपतं, तुझ्याशी जुना सराव आहे. आणि घाई करू नकोस, सावकाश चिड. पोरीच्या तक्त्याप्रमाणं मी अजून बरीच आहे.

तिला मात्र फोन कर. काय बोलायचं ते सुचणार नाही तुला. "जेवलीस का" म्हण. मला म्हणतेस तेच. पण मला म्हणून ठेवतेस तसा लगेच ठेवू नकोस. ती उत्तर द्यायला वेळ घेते. दोन्हीकडून काही ऐकू आलं नाही तरी कानाला धरून ठेव. आणि जे सांगशील ते सरळ सांग, आपल्या पद्धतीनं सांगू नकोस.

अंगठा उठवते. शाई नाही, आर्याची लिपस्टिक आहे. घाबरू नकोस लाल बघून.

तुझी,
चंपाआत्या

ता. क. वर्ष झालं, आता घरात गोड करायला हरकत नाही. शेंगांच्या पोळ्या कर आणि रात्रीच्या बसनं पाठव. इथं मिळतात त्या जाड असतात आणि आत नुसती साखर. दाणे खमंग भाज, गूळ हात न आखडता घाल, वेलची थोडी. माझ्यासाठी म्हणून पाठवू नकोस, मला ती देईल त्यातली मी खाईन. डब्यावर तिचं नाव घाल, तुझ्या हातानं, मोठ्या अक्षरात. तूप वेगळ्या डबीत दे, झाकण घट्ट लावून.